चहा धरून

डॉक्टर वाझबाईंनी विचारलं,
दिवसाला पाणी किती पितेस?
मी म्हटलं,
चहा धरून की चहा सोडून?

त्यांनी पेन खाली ठेवलं.
हसल्या नाहीत, हे बरं.
घरी या एका प्रश्नावरून
दोन महिने सुनेशी माझा तंटा चाललाय.
सून म्हणते, चहा पाण्यात मोडत नाही,
एक कप आत गेला तर दीड कप बाहेर नेतो,
उलट तुम्हीच त्याचं देणं लागता.
नर्सिंगचं एक वर्ष केलंय तिने.
मी म्हणते, अगं, इनासच्या टोपात
तांब्यावर तांब्या ओतताना मी बघते,
दूध नावाला, पुडीची चिमूट,
आल्याचा एक ठेचा.
ते पाणी नाही तर काय
माझ्या बापाची फेणी?

पाण्यातच धर, वाझबाई म्हणाल्या.
थोडं लवकर उठवतो तो, खरं,
पण दिलेलं सगळं परत मागत नाही.
रोजच्या माणसाला तर नाहीच.
बरं, धरला. आता सांग, किती?

जिंकले, वाटलं मला. क्षणभर.
मग बोटांवर मोजायला घेतलं.
पहाटे शिवोलीहून निघताना घरचा, कान तुटक्या कपातला.
म्हापशात टोपली मांडली की एक.
अकराला कोन्सेसांव चवरिसांच्या माळा सोडून येते,
तिच्याबरोबर अर्धा अर्धा.
चारला एक.
इनासचा ग्लास केवढा?
मी अंगठा दाखवला.

त्यांनी बेरीज मांडली, कागद माझ्याकडे फिरवला.
चहा धरून,
पेज धरून,
हुमणाचा रस धरून
(तोही मी हट्टाने धरायला लावला)
पाऊण लिटर.
मे महिन्यात. ताडपत्रीखाली.
आणि विकते काय, तर आमसोलं,
लोक नेतात, घरी सरबत करून पितात.

मग आवाज खाली आणून, कारण
पडद्यापलीकडे माझा मुलगा बसला होता,
बाजारात असताना जातेस कितीदा?

कुठे?

एवढंच बोलले मी, आणि दोघी गप्प.

मासळीबाजारामागे तीन दारं आहेत.
एकाला कुलूप, एकाला कडी नाही,
तिसऱ्याची चावी ज्याच्याकडे, तो जेवायला गेलेला असतो.
टोपली कोणाच्या भरवशावर ठेवायची?
म्हणून ओळीतल्या सगळ्याच जणींनी
तोंड बांधून घेतलंय,
कोणी कोणाला न शिकवता.
बाटली प्रत्येकीकडे असते,
भरलेली येते
आणि कोथिंबिरीवर रिकामी होते.
जुडी आमच्यापेक्षा जास्त पिते.
चहाचं एक बरं, घोटभर असतो,
तहानेची समजूत काढतो,
उठवायची ताकद नसते त्याच्यात.

सात दिवसांच्या गोळ्या दिल्या.
सुनेला घरी येऊन सांगितलं,
चहा पाण्यात धरतात, डॉक्टरांनीच सांगितलंय.
पुढची बेरीज सांगितली नाही.

शुक्रवारी बाराच्या आत अर्धी बाटली संपवली.
ओटीपोट तटतटलं तशी कोन्सेसांवला म्हटलं,
बस गो जरा माझ्या टोपलीपाशी.
चावीवाला जेवत होता,
त्याच्या ताटाशीच जाऊन उभी राहिले.
आंबट तोंड करून त्याने चावी दिली.

परत येते तर
पावकिलोमागे वीस रुपये तोडून
अर्धी आमसोलं तिने विकून टाकलेली,
वर प्रत्येकाला मूठभर फुकट.
बोलले नाही काही.
इनासला हाक मारली, दोन दे,
काठोकाठ.
चहा झाल्यावर म्हटलं, आता तू जा.
ती बघतच राहिली माझ्याकडे.
मग उठली, कापड सावरत, घाईने,
जणू सकाळपासून कोणी म्हणायचीच वाट बघत होती.

चवरिसांच्या माळांखाली बसले मी,
नाकाला पदर न लावता.
एकाने भाव विचारला.
मी वीस रुपये जास्त सांगितला.